बाह्य प्रोग्रामर आणि मायक्रोकंट्रोलरचे फ्यूज

मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर आज्ञावली कशी चढवितात असे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास विचारले, तर तो बहुधा पुढीलप्रमाणे उत्तर देईल : बोर्ड यूएसबी केबलने संगणकास जोडावा, पडद्यावरील ‘अपलोड’चे बटण दाबावे, आणि दोन-चार सेकंद थांबावे. हे उत्तर चुकीचे नाही. पण अपुरे आहे. केबलमधून आलेले बाइट चिपच्या स्थायी स्मृतीत प्रत्यक्ष लिहिले कोणी, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. एरवी तो तसा राहिल्याने फारसे बिघडत नाही. परंतु उपकरण प्रयोगशाळेच्या मेजावरून उठून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत किंवा लासलगावच्या कांदाचाळीत चार-सहा महिने एकटे राहावयाचे असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असणे अवश्य ठरते. कारण मायक्रोकंट्रोलरमध्ये काही बाइट असे आहेत की, ते केबलच्या सोयीस्कर मार्गाने लिहिता येत नाहीत. ते बाहेरूनच, स्वतंत्र प्रोग्रामर जोडून, लिहावे लागतात. वीज खालावली असता उपकरणाने काय करावे, हे नेमके त्याच बाइटांत नोंदलेले असते.

विवेचनासाठी एटीमेगा ३२८पी ही चिप आपण घेऊ. आर्डुइनो उनो या बोर्डावर हीच चिप असते, व आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळांत ती सहज सापडते. तिच्या पोटात तीन प्रकारची स्मृती आहे. आज्ञावली राहते ती फ्लॅश स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट. गणन चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती २ किलोबाइट. आणि वीज गेली तरी टिकणारी, चालत्या आज्ञावलीस एकेक बाइट लिहिता येईल अशी ईईप्रॉम स्मृती १ किलोबाइट. यांखेरीज तीन बाइट निराळे आहेत. त्यांस फ्यूज म्हणतात, व प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तेच होत.

ज्यांनी ८०५१ या चिपवर अध्ययन केले, त्यांस बाह्य प्रोग्रामर ही वस्तू नवी नाही. इंटेल कंपनीची ही चिप १९८० साली आली. तिच्याच घराण्यातील ८७५१ हिच्या पाठीवर क्वार्ट्झची लहान खिडकी असे. जुनी आज्ञावली पुसावयाची तर चिप सर्किटातून उपटून त्या खिडकीवर अतिनील किरण कित्येक मिनिटे पाडावे लागत. मग ती प्रोग्रामरच्या साच्यात बसवून नवी आज्ञावली लिहावयाची, आणि पुन्हा सर्किटात ठोकून बसवावयाची. या उपद्व्यापात चिपचे पाय वाकत व मोडत. अ‍ॅटमेल कंपनीने ८०५१ च्या घराण्यात फ्लॅश स्मृती आणल्यावर खिडकीची गरज उरली नाही. पुढे ट्रॉनहाइम येथील आल्फ-एगिल बोगेन व व्हेगार्ड वोलान या दोघा नॉर्वेजियन अभियंत्यांनी विद्यार्थिदशेत कल्पिलेली एव्हीआर ही रचना अ‍ॅटमेलने १९९७ साली बाजारात आणली. तिच्यात चिप सर्किटात बसलेली असतानाच, मोजक्या तारांनी, तिची स्मृती लिहिता येऊ लागली. आपली ३२८पी याच घराण्यातली. २०१६ साली अ‍ॅटमेल ही मायक्रोचिप कंपनीत विलीन झाली. तथापि चिपची नावे व लिहिण्याची रीत तीच राहिली.

आता केबलच्या मार्गाकडे पाहू. एव्हीआर चिपला एक सोय दिलेली आहे : तिच्यात चालू असलेली आज्ञावली तिच्याच फ्लॅश स्मृतीचा दुसरा भाग लिहू शकते. या सोयीचा उपयोग करून स्मृतीच्या शेवटच्या भागात एक छोटी आज्ञावली कायमची ठेवतात. हिलाच बूटलोडर म्हणतात. बोर्ड पुन्हा सुरू झाला की प्रथम बूटलोडर जागा होतो, संगणकाकडून काही येते आहे काय याची क्षणभर वाट पाहतो, आले तर ते घेऊन स्मृतीत लिहितो, न आले तर मुख्य आज्ञावलीस वाट करून देतो. उनोवरील ऑप्टिबूट नावाचा बूटलोडर अवघ्या ५१२ बाइटांचा आहे. म्हणूनच त्या बोर्डावर आपल्या आज्ञावलीस ३२,२५६ बाइटांहून अधिक जागा मिळत नाही. जुन्या नॅनो बोर्डावरील बूटलोडरने २ किलोबाइट अडविलेले असत. तेथे ३०,७२० बाइटच उरत.

म्हणजे केबलने आलेली आज्ञावली चिपच स्वतः लिहीत असते. आपल्या घराची दुरुस्ती घरात राहूनच करावी, तसा हा प्रकार आहे, आणि त्याच्या मर्यादाही तशाच आहेत. बूटलोडर शाबूत असेल तरच हा मार्ग खुला राहतो. कोऱ्या चिपमध्ये बूटलोडर नसतो. तेव्हा पहिला बूटलोडर तरी बाहेरूनच लिहावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, बूटलोडर फ्यूज वाचू शकतो, पण लिहू शकत नाही. ही उणीव त्याच्या कर्त्याची नव्हे. चिपच्या रचनेतच ती वाट बंद ठेवलेली आहे.

बाह्य प्रोग्रामर सहा तारांनी चिपशी बोलतो. वीज व ग्राउंड या दोन, रीसेटची एक, आणि मोसी, मिसो व एससीके अशा तीन. मोसीवरून प्रोग्रामरचे बिट चिपकडे जातात, मिसोवरून चिपचे परत येतात, व एससीके ताल धरते. उनोवर या तिघींच्या जागा अनुक्रमे ११, १२ व १३ क्रमांकांच्या पिना होत. याच सहा तारा बोर्डावर तीन-तीनच्या दोन रांगांत एकत्र काढलेल्या असतात. उनोवर असे दोन जोड दिसतात, व त्यामुळे नवख्याचा घोटाळा होतो. यूएसबीच्या तोंडाजवळचा जोड ३२८पीचा नव्हे. केबलचे संकेत उलगडणारी जी दुसरी लहान मायक्रोकंट्रोलर चिप तेथे आहे, तिचा तो होय.

संवाद पुढीलप्रमाणे चालतो. प्रोग्रामर रीसेटची तार शून्य व्होल्टवर धरतो. त्यामुळे चिपमधील आज्ञावली थांबते. निदान २० मिलिसेकंद थांबून तो चार बाइट पाठवितो. षोडशमान पद्धतीत लिहिल्यास ते ए-सी, ५-३, ०-०, ०-० असे आहेत. यांतील तिसरा बाइट जात असतानाच चिपने ५-३ हा आकडा मिसोवर परत उच्चारला, तर ती ऐकते आहे व दोघांचा ताल जुळला आहे असे समजावे. हा प्रतिध्वनी न आल्यास पुढील काहीही करण्यात अर्थ नाही. मग प्रोग्रामर चिपची सही मागतो. ३२८पीची सही १-ई, ९-५, ०-एफ अशी तीन बाइटांची आहे. नावात ‘पी’ नसलेल्या ३२८ चिपची सही मात्र शेवटच्या बाइटात निराळी, म्हणजे १-४, आहे. संगणकावर ‘एव्हीआरड्यूड’ ही आज्ञावली वापरणाऱ्यास सही जुळत नाही असा नकार पुष्कळदा मिळतो, व त्याचे कारण बहुधा एवढेच असते. बाजारातून आणलेल्या चिपच्या पाठीवर काय छापले आहे यापेक्षा ती स्वतः काय सांगते, हे अधिक विश्वसनीय.

सही पटल्यावर पुसण्याची आज्ञा जाते. पुसणे म्हणजे स्मृतीतील प्रत्येक बिट १ करणे. लिहिणे म्हणजे त्यांतील हवे ते ० करणे. फ्लॅश स्मृती १२८ बाइटांच्या पानांनी लिहितात. अशी २५६ पाने आहेत, व एक पान पक्के होण्यास सुमारे ४.५ मिलिसेकंद लागतात. सर्व लिहून झाल्यावर प्रोग्रामर पहिल्यापासून वाचून ताडा घेतो. हे ताडून पाहणे वेळ वाचविण्यासाठी टाळण्याची प्रवृत्ती दिसते; ती चांगली नव्हे.

येथे तालाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ‘चिप मेली’ असा निष्कर्ष सर्वांत अधिक वेळा येथेच काढला जातो. प्रोग्रामरचा ताल चिपच्या स्वतःच्या स्पंदाच्या चतुर्थांशाहून मंद असावा, असा नियम आहे. कारखान्यातून आलेली कोरी ३२८पी आतील ८ मेगाहर्ट्झच्या दोलकावर चालते, आणि त्यासही आठाने भागलेले असते. अर्थात ती १ मेगाहर्ट्झने चालते. तेव्हा प्रोग्रामरचा ताल २५० किलोहर्ट्झच्या आत हवा. यूएसबीएएसपी हा स्वस्त व सर्वत्र मिळणारा प्रोग्रामर सामान्यतः ३७५ किलोहर्ट्झचा ताल धरतो. उनोवरील १६ मेगाहर्ट्झच्या चिपशी त्याचे उत्तम जुळते. कोऱ्या चिपशी जुळत नाही. विद्यार्थी तारा तपासतो, चिप बदलतो, दुसरी चिपही ‘मेलेली’ निघते. वस्तुतः प्रोग्रामरला ताल मंद करावयास सांगितले की दोन्ही चिपा बोलू लागतात. टाकाऊ म्हणून खोक्यात पडलेल्या चिपा या दृष्टीने एकदा तपासून पाहाव्यात. त्यांतील कित्येक धडधाकट निघतील.

आता फ्यूज. हे नाव जुन्या काळातून आले. पूर्वीच्या काही स्मृतींत प्रत्येक बिटासाठी खरोखरच एक बारीक तार असे, व लिहिणे म्हणजे ती जाळणे असे. आजचे फ्यूज जळत नाहीत. ते कितीदा तरी बदलता येतात. परंतु भाषा तीच राहिली. म्हणूनच फ्यूजचा बिट ० असेल तर तो ‘लावलेला’ व १ असेल तर ‘न लावलेला’ असे समजतात. व्यवहारातील समजुतीच्या हे उलट आहे, व याच जागी पुष्कळांची गफलत होते. पुसण्याच्या आज्ञेने फ्यूज पुसले जात नाहीत, हेही ध्यानात असावे.

पहिला बाइट मुख्यतः स्पंद कोठून घ्यावा हे ठरवितो : आतील दोलक, बाहेरील स्फटिक, की बाहेरून येणारा तयार संकेत. दुसऱ्यात बूटलोडरची जागा, प्रारंभ कोठून करावयाचा, पुसताना ईईप्रॉम राखावी की नाही, वॉचडॉग सक्तीचा की ऐच्छिक, अशा गोष्टी आहेत. तिसऱ्या बाइटाचे शेवटचे तीनच बिट उपयोगाचे आहेत. त्यांत ब्राउन-आउटची पातळी लिहिलेली असते. विद्युद्दाब या पातळीखाली गेला की चिपने सर्व काम थांबवून रीसेटच्या अवस्थेत जावे, व दाब पूर्ववत होईपर्यंत तेथेच राहावे, असा तिचा अर्थ. त्या तीन बिटांत १११ असेल तर हे संरक्षण बंद. ११० म्हणजे १.८ व्होल्ट, १०१ म्हणजे २.७ व्होल्ट, १०० म्हणजे ४.३ व्होल्ट. कारखान्यातून आलेल्या चिपमध्ये १११ असते. उनो बोर्डावर १०१ असते.

या उनोच्या २.७ व्होल्टांचा थोडा हिशेब करून पाहू. ३२८पी कोणत्या वेगाने चालविता येते, हे तिला मिळणाऱ्या दाबावर अवलंबून आहे. निर्मात्याच्या माहितीपत्रकानुसार २.७ व्होल्टवर १० मेगाहर्ट्झ व ४.५ व्होल्टवर २० मेगाहर्ट्झ ही मर्यादा असून मधला भाग सरळ रेषेत आहे. त्यावरून १६ मेगाहर्ट्झसाठी किमान दाब ३.७८ व्होल्ट येतो. उनो १६ मेगाहर्ट्झने चालतो. म्हणजे दाब ५ व्होल्टवरून उतरू लागला, की ३.७८ ते २.७ व्होल्ट या पट्ट्यात चिप आपल्या मर्यादेबाहेर चालत राहते, आणि तिला थांबविणारे कोणी नसते. या पट्ट्यात ती आज्ञा चुकीची वाचू शकते. न सांगितलेले लिहू शकते. कमी दाबाखाली ईईप्रॉममधील नोंदी बिघडू शकतात, आणि त्याची कारणे हीच दोन आहेत : लिहिण्याच्या क्रियेस पुरेसा दाब न मिळणे, व आज्ञा चुकीच्या रीतीने अमलात येणे.

हा पट्टा ओलांडण्यास वेळ तरी किती लागतो, अशी शंका येईल. समजा, उपकरणाच्या विद्युत्पुरवठ्यात १,००० मायक्रोफॅरडचे धारित्र आहे व उपकरण ५० मिलिअँपिअर प्रवाह घेते. मग १.०८ व्होल्ट उतरण्यास सुमारे २१.६ मिलिसेकंद लागतील. तेवढ्या अवधीत १६ मेगाहर्ट्झची चिप सुमारे साडेतीन लाख स्पंद मोजते. ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहिण्यास साडेतीन मिलिसेकंदांच्या आत वेळ लागतो. म्हणजे भ्रमिष्टावस्थेत सहा बाइट बिघडविण्यास हा अवधी पुरेसा आहे. पुरवठा स्थिर राहावा म्हणून मोठे धारित्र घालावे, तर हा धोक्याचा अवधी त्याच प्रमाणात वाढतो! उपाय म्हणून योजलेली वस्तू येथे अपायास हातभार लावते.

मेजावर हे कधी दिसत नाही, कारण तेथे दाब क्वचितच उतरतो, व उतरला तर समोर माणूस असतो. शेतातील गोष्ट निराळी. आपल्या जिल्ह्यात शेतीपंपांच्या वाहिन्यांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने, दिवसाचे वा रात्रीचे ठरावीक तास, तीन-फेज वीज देण्याची पद्धत राहिली आहे. वीज आली की वाहिनीवरील अनेक पंप जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात व दाब खाली बसतो. मग तो सावरतो. कधी पुन्हा जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाची पाने रोज किती तास ओली राहिली, याची नोंद ठेवणारे उपकरण घ्या. डाउनीचा धोका आजमाविण्यास ही नोंद फार उपयोगी असते. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, हे काही अंशी तीवर ठरते. उपकरण तासांची बेरीज ईईप्रॉममध्ये ठेवते. एखाद्या पहाटे दाब हेलकावे खातो, बेरजेच्या दोन बाइटांपैकी एक बिघडतो, आणि १४ तासांचे २७० तास होतात. हा आकडा निदान अशक्य म्हणून ओळखू तरी येतो. १४ चे ६ झाले तर? बागायतदार फवारणी लांबणीवर टाकील. संशोधकाच्या तक्त्यात ती एक निर्दोष दिसणारी नोंद म्हणून कायमची बसेल.

यावर उपाय एका बिटाचा आहे. तिसऱ्या फ्यूजमधील १०१ च्या जागी १०० लिहिले की ब्राउन-आउटची पातळी ४.३ व्होल्ट होते, ती ३.७८ च्या वर असल्यामुळे धोक्याचा पट्टा सुरू होण्याआधीच चिप थांबते. आज्ञावलीत एक अक्षरही बदलावे लागत नाही. परंतु हा बिट केबलने बदलता येत नाही. आज्ञावलीतून दाब मोजून मगच ईईप्रॉममध्ये लिहावे, ही तोड आहे व ती करणेही चांगले. पण मोजणारी चिपच जेथे भ्रमिष्ट झाली असेल तेथे तिच्या मोजणीवर कितपत विसंबावे?

तरीही सर्वत्र ४.३ लावावे असे नाही. यूएसबीच्या लांब व बारीक केबलीवर चालणाऱ्या बोर्डास मुळातच ४.५ व्होल्टच्या आसपास दाब मिळत असेल, तर तो विनाकारण रीसेट होऊ लागेल. ३.३ व्होल्ट व ८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या बोर्डास २.७ हीच पातळी योग्य आहे, कारण २.७ व्होल्टवर १० मेगाहर्ट्झपर्यंत चिप सुरक्षित असते. किंबहुना बॅटरीवर चालणाऱ्या शेतातील उपकरणास हीच जोडी अधिक चांगली, असे आमचे मत आहे. मात्र ब्राउन-आउटचे संरक्षण चालू ठेवण्यास सुमारे वीस मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो. उपकरण बहुतेक वेळ निद्रावस्थेत राहणारे असेल, तर हा खर्च बॅटरीच्या हिशेबात धरावा.

पुसताना ईईप्रॉम राखण्याच्या फ्यूजचा उल्लेख वर आला आहे. उनोवर तो लावलेला नसतो. त्यामुळे बाह्य प्रोग्रामरने आज्ञावलीत किरकोळ दुरुस्ती केली, तरी हंगामभराच्या नोंदी व त्यांबरोबर संवेदकांचे अंशांकन पुसले जाते. दुसऱ्या फ्यूजचे बिट उनोवर ११०१ १११० असे असतात. ते ११०१ ०११० केल्यास ईईप्रॉम राहते. हंगाम सुरू होण्याआधीच हे करून ठेवावे.

वॉचडॉगचेही येथेच सांगितले पाहिजे. आज्ञावली कोठे अडकून पडली, तर ठरावीक अवधीनंतर चिपला आपोआप पुन्हा सुरू करणारा हा पहारेकरी. दूर ठेवलेल्या उपकरणास तो हवाच. परंतु जुन्या नॅनो बोर्डांवरील बूटलोडर वॉचडॉगने झालेल्या पुनःप्रारंभानंतर त्यास बंद करीत नाही. परिणामी मुख्य आज्ञावलीपर्यंत पोहोचण्याआधीच वॉचडॉग पुन्हा चावतो, आणि बोर्ड त्याच फेऱ्यात अडकतो. ज्याने उपकरण वाचवावयाचे त्यानेच ते बुडविले असे होते. ऑप्टिबूटमध्ये हा दोष नाही. तेव्हा अशा बोर्डावरील जुना बूटलोडर काढून ऑप्टिबूट बसवावा, किंवा बूटलोडरच काढून टाकून प्रारंभाचा फ्यूज मुख्य आज्ञावलीकडे वळवावा. दोन्हींस बाह्य प्रोग्रामर लागतो.

बागेतील नोंद बिघडली तर एका हंगामाचे नुकसान होते. माणसांची गर्दी मोजणाऱ्या उपकरणाची जबाबदारी याहून मोठी आहे, व नाशिकला तिचा विसर पडण्यासारखा नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी येथील सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ यात्रेकरू मृत्युमुखी पडले. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी ‘कुंभथॉन’ या उपक्रमातून नाशिकच्या तरुणांनी ‘आशिओतो’ नावाची एक चटई तयार केली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज असा आहे. चटईवरून जाणाऱ्या माणसांची पावले दाबसंवेदकांनी मोजावयाची व तो आकडा इंटरनेटवरून पाठवावयाचा, म्हणजे कोणत्या वाटेवर गर्दी दाटते आहे हे वेळीच कळेल, अशी ती योजना. कल्पना साधी, आणि म्हणूनच मोलाची. २०२७ च्या सिंहस्थासाठी आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी या दिशेने काही करू म्हणतील, तर त्यांनी एक प्रश्न आधीच स्वतःस विचारावा : तात्पुरत्या मंडपातील वीज क्षणभर खालावली, तर आपला मोजक थांबेल, की चुकीचे मोजत राहील? थांबलेला मोजक पडद्यावर दिसतो. चुकीचे मोजणारा दिसत नाही.

फ्यूज बदलण्यात धोका आहे, हे खरे. पण त्याची भीती प्रमाणाबाहेर पसरलेली आहे. स्पंदाचा फ्यूज चुकून बाहेरील संकेतावर ठेवला, तर स्फटिक असूनही चिप मुकी होते. अशा वेळी दुसऱ्या कोणत्याही चिपकडून १ मेगाहर्ट्झचा चौरस संकेत घेऊन तो स्फटिकाच्या पहिल्या पिनेवर द्यावा. चिप बोलू लागते, व फ्यूज पूर्ववत करता येतो. खरा अडचणीचा फ्यूज एकच : रीसेटची पिन सामान्य पिनेप्रमाणे वापरण्याचा. तो लावल्यास रीसेटच नाहीसा होतो व सहा तारांचा मार्ग बंद पडतो. मग रीसेटवर १२ व्होल्ट देऊन पुष्कळशा पिना एकदम हाताळणारी समांतर पद्धत वापरावी लागते, व त्यासाठी चिप बोर्डावरून काढावी लागते. एका पिनेच्या लोभाने हा फ्यूज कोणी लावू नये. आणखी एक सावधगिरी अशी की, प्रोग्रामर ५ व्होल्टचा व बोर्ड ३.३ व्होल्टचा असल्यास जोडणी करू नये. चिप कदाचित सहन करील, पण तिच्या शेजारचे रेडिओ-मोड्यूल किंवा स्मृतीकार्ड सहन करणार नाही. ते कार्ड त्याच तीन तारांवर असल्यास त्याच्या निवडीच्या तारेवर १० किलोओहमचा रोधक व्हीसीसीकडे जोडावा, म्हणजे लेखन चालू असता ते मध्ये बोलणार नाही.

चिपला कुलूप घालणारे बिटही असतात. ते लावले की आतील आज्ञावली बाहेरून वाचता येत नाही. सर्व पुसल्याखेरीज ते निघत नाहीत. उद्योगात त्यांचा उपयोग आहे. संशोधनाच्या उपकरणास ते लावू नयेत असे आम्हांस वाटते. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, उपकरण विभागात राहते, आणि तीन वर्षांनी त्यात काय लिहिले आहे हे कोणासच ठाऊक नसते. कुलूप नसेल तर निदान तिची प्रत काढून दुसऱ्या चिपवर उतरविता तरी येते. ज्यांस कुलूप लावणे भागच असेल त्यांनी फ्यूज आधी लिहावेत, कारण कुलूप लागल्यावर फ्यूजही बदलत नाहीत.

येथवरचे विवेचन एका चिपपुरते असले, तरी हीच विभागणी अन्यत्रही आढळते. एव्हीआरच्या नव्या पिढीत सहा तारांऐवजी एकाच तारेचा मार्ग आहे. एआरएम रचनेच्या चिपांत दोन तारांचा मार्ग असतो, व त्याने आज्ञावली मध्येच थांबवून आत डोकावताही येते. काही नव्या चिपांत बूटलोडर न पुसता येणाऱ्या स्मृतीत कोरलेला असल्याने तो हरवण्याची भीतीच नाही. तथापि आतून लिहावयाचे कोणते व बाहेरून लिहावयाचे कोणते, हे प्रत्येक चिपच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावेच लागते.

विभागाकडे प्रोग्रामर नसल्यास अडून बसण्याचे कारण नाही. दुसरा एक उनो बोर्ड हेच काम करतो. आर्डुइनोच्या उदाहरणांतच ‘आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ ही आज्ञावली दिलेली आहे. ती त्या बोर्डावर नेहमीप्रमाणे केबलने चढवावी. मग त्याच्या ११, १२ व १३ या पिना लक्ष्य बोर्डाच्या त्याच क्रमांकांच्या पिनांस, १० क्रमांकाची पिन लक्ष्याच्या रीसेटला, व ५ व्होल्ट आणि ग्राउंड परस्परांस जोडावेत. प्रोग्रामर झालेल्या बोर्डाच्या रीसेट व ग्राउंड यांमध्ये १० मायक्रोफॅरडचे धारित्र, ऋण टोक ग्राउंडकडे करून, लावावे. नाही तर संगणक बोलू लागताच तोच बोर्ड रीसेट होऊन आपल्या बूटलोडरकडे वळतो, व सही चुकीची येते. हे धारित्र आज्ञावली चढविल्यानंतर लावावयाचे, आधी नव्हे.

पहिल्या प्रात्यक्षिकात काहीही लिहू नये. सही व तिन्ही फ्यूज केवळ वाचावेत, ते द्विमान पद्धतीत मांडावेत, आणि प्रत्येक बिटाचा अर्थ माहितीपत्रकावरून त्याच्यापुढे लिहावा. दुसऱ्या प्रात्यक्षिकात पुरवठा बदलता येईल असे यंत्र घेऊन दाब ५ व्होल्टवरून सावकाश उतरवावा, आणि ब्राउन-आउट १०१ असताना व १०० असताना बोर्ड कोणत्या दाबावर थांबतो हे मोजावे. निर्मात्याने ४.३ ची पातळी ४.१ ते ४.५ या दरम्यान कोठेही असू शकेल असे म्हटले आहे. तेव्हा प्रत्येक चिपचा आकडा थोडा निराळा येईल, व तो त्या त्या बोर्डाच्या पाठीवर लिहून ठेवणे सोयीचे पडते.